कोल्बीच्या रायफलीचं माप

चोटो, मोंटाना
१२ सप्टेंबर

प्रिय जनेल,

तुला खूप आशीर्वाद. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी बरे आहोत. गवताचे गठ्ठे कोठारात जाऊन पडले. ओपलचा गुडघा ठणकतोय आणि त्याचा राग माझ्यावर निघतोय. डोंगरावर बर्फ भुरभुरलं, म्हणजे एल्क हरणं आता खाली उतरतील.

तू फोनवर विचारलंस, कर्टिसला या शिकारीच्या मोसमात आपल्या कोल्बीची रायफल वापरायची आहे, तर मी डबाभर काडतुसं भरून देईन का. मी ‘बघतो’ म्हणालो आणि फोन ओपलच्या हातात कोंबला. राग मानू नकोस. आमच्या घरात दुकानातली काडतुसं चालत नाहीत, हे तू सून होऊन आलीस तेव्हा मीच तुला ऐकवलं होतं. मग होणाऱ्या नवऱ्यासाठी तू दुसऱ्या कुणाला विचारणार?

काल काडतुसं भरायच्या टेबलाशी बसलो. पोरगा गेल्यापासून तिकडे फिरकलो नव्हतो. खणात त्याचं नमुन्याचं काडतूस सापडलं. आत बंदुकीची दारू नाही, पितळी पुंगळीचं तोंड चिरलेलं, गोळी मार्करने काळी केलेली. ते रायफलीत घालून बोल्ट हळूच बंद करायचा. गोळी नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या वळणदार खाचांना, टेकते आणि पुंगळीत मागे सरकते. मग बाहेर काढून व्हर्नियरने लांबी मोजायची, आणि खरी गोळी त्याहून केसभर खोल बसवायची. ती आट्यांत रुतून राहिली तर दाब भलताच वाढतो. काळ्या रंगावर आट्यांचे ओरखडे अजून आहेत गं, कोल्बीच्या हाताने उमटलेले. मी व्हर्नियर लावला, पण आकडा दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना. रडलो मी, अगदी हुंदके देऊन.

तसल्या गोळ्या आता मिळत नाहीत. नवीन आणल्या, तर त्यांचा आकारच वेगळा. जुन्या मापाला बसवल्या तर थेट आट्यांत घुसतील. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. ओपलला म्हणालो, “कळव तिला, जमणार नाही. रायफल हातात असल्याशिवाय माप निघत नाही.”

“मग मागव की रायफल.”

“ती काय एकटी चालत येणार?”

“माणूस घेऊन येईल. आर्लन, तुला तो माणूस दारात नकोय, तर तसं म्हण. बिचाऱ्या गोळीला कशाला नावं ठेवतोस?”

मी गायींकडे निघून गेलो.

तिचं खरं आहे. त्याने ती रायफल खांद्याला लावलेली मला बघवणार नाही. तो वाईट असता तर सोपं होतं, पण चांगला आहे मेला. ट्रक बर्फावरून घसरला, आम्ही कोल्बीला पुरलं, सगळं मला ठाऊक आहे. तरी ती रायफल तुझ्या कपाटात आहे तोवर वाटायचं, मोसम आला की हा पोरगा येईल. आता ती कर्टिसच्या मापाची झाली की तो यायचा नाही. आणि मग तूही कशाला येशील? खरी भीती ती आहे, जनेल. मुलगा गेला, आता लेकही जाते की काय.

तर शनिवारी त्याला रायफल घेऊन पाठव. एकटा नको, तूही ये. ओपल मांसाचं सारण भरलेली पाई करणार आहे. बोल्ट त्यानेच बंद करायचा, हळू कसा टेकवायचा ते मी दाखवीन.

ओपल म्हणते, कोल्बीच्याच पुंगळीतली जुनी गोळी उपसून नवी घाल, चालतंय. चालतंय, पण मी उपसणार नाही. कर्टिससाठी दुसरी पुंगळी चिरून ठेवलीय. कोल्बीची माझ्या शर्टाच्या खिशात आहे, तिथेच राहील.

फोनवर मला हाक मारताना तू अडखळलीस. लग्नानंतरही बापाला मारतात तीच हाक मार. दुसरं काही म्हणालीस तर मी ओ देणार नाही.

तुझा,
पॉप