वैशाखऱ्याचे सतरा गरुड

३ डिसेंबर १९३७, वैशाखरे
शाळा सुटल्यावर डोंगरावर गरुड दिसला. सोनेरी गरुडच. पंख न हलवता अर्धा तास घिरट्या. मुंबईच्या एका संग्रहालयात पक्ष्यांच्या खात्यात असिस्टंटची जागा निघाली आहे. माझीच म्हणायची. अकरा वर्षे पोरांकडून पाढे घोकून घेतले, बास झाले.

४ डिसेंबर
अर्ज टाकला. गरुडाबद्दल थोडक्यात लिहिले, सात पाने. उद्यापासून रोज पहाटे पाचला निरीक्षण.

५ डिसेंबर, सकाळी ९
आताच उठलो. ऊन तापल्याशिवाय गरुड वर चढत नाहीत. पाचला उठणे अशास्त्रीय आहे.

९ डिसेंबर
पुस्तकाशी ताडून पाहिले. मान बोडकी: वयोमानाने पिसे झडली असणार. पाठ पांढरी: पुस्तकात नाही. पुस्तक विलायतेत छापलेले, त्यांना इथले काय ठाऊक. गरुड एकटा हिंडतो असेही त्यात आहे. आज सतरा मोजले. म्हणजे आपल्याकडचे गरुड एकत्र कुटुंबात राहतात. हा शोध माझा.
मोळी घेऊन चाललेली मंगळी म्हणाली, मास्तर, ती गिधाडं हायेत. यंदा ढोरांना रोग हाय, गाव मेलेली ढोरं पायथ्याला टाकतो, त्यावर येतात. अडाणी बाईशी वाद घालायचा नाही असे ठरवले. मग तासभर घातला.

१५ डिसेंबर
संग्रहालयाच्या साहेबांचे पत्र. २२ तारखेला येतात. आधी गरुड दाखवा, मग जागेचे बोलू, असे लिहितात. वत्सलेला सांगितले, सामान बांधायला घे. ती म्हणाली, साहेबांना गरुड तर दिसू देत. बायकोचा आपल्यावर विश्वास नसणे यासारखे दुःख नाही.

१९ डिसेंबर
पायथ्याची घाण शाळेपर्यंत येते. साहेब नाक धरून गरुड पाहणार काय? शिवाय पक्ष्यांचा राजा असल्या ठिकाणी किती दिवस थांबेल? वाल्मिकला बोलावले. मेलेली ढोरे ओढायचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच माणसांकडे. तो म्हणाला, आमी सभा घेऊन ते काम सोडलं, मास्तर. घाण तुमाला येते, तुमीच पुरा. माणसे फार चढेल झाली आहेत.

२१ डिसेंबर
दोन दिवस खपून एक बैल आणि एक म्हैस पुरली. वर चुना टाकला. पाटलांना सांगून नवी ढोरे टाकणे बंद करवले. हातांना फोड. जागा कशी लख्ख दिसते.

२२ डिसेंबर
साहेब दुर्बीण घेऊन दहाला आले. चारपर्यंत आभाळ मोकळे. एक पक्षी दिसताच मी ओरडलो. साहेब म्हणाले, घार. तेवढ्यात मंगळी आली. तिला नको तिथे यायची खोडच आहे. म्हणाली, गिधाडं व्हती सायब, मास्तरांनी त्यांचं जेवान पुरलं, मग ती गेली. साहेब डोळे पुसत हसले. मग मी पुरलेली जागा बघून आले आणि वहीत बरेच काही लिहून घेतले. खुशीत दिसले. जागा मिळाली म्हणायची.

११ जानेवारी १९३८
संग्रहालयाचे पत्र नाही. तालुक्याचा हुकूम आला. साहेबांनी तिथे माझ्या कामाची फार तारीफ केली म्हणे. रोगाची साथ हटेपर्यंत, शाळा सांभाळून, आसपासच्या सात गावांतली मेलेली ढोरे पुरण्याचे काम माझ्याकडे. असे काम सरकार कोणालाही देत नाही, हे वत्सलेला समजावले.
पलीकडच्या गावात बैल मेल्याचा निरोप आला. कुदळ घेऊन निघालो. वाटेत वाल्मिक भेटला. म्हणाला, मास्तर, आमच्या सभेला येत जा. सुटतं ते काम.