खुणेपर्यंत पाणी

५ एप्रिल
चारा छावणीवर येऊन तीन दिवस झाले. धारूरच्या अलीकडचं माळरान. गावातली सगळी जनावरं इथं, त्यांच्यामागं बायामाणसं. दूध आमची महिला सोसायटी घेते, गाडीत थंड करून ठेवते, सकाळी दूध संघाचा टँकर येऊन नेतो. गाडीला इंजिन नाही, ट्रॅक्टरनं ओढत आणली. सगळे बर्फाची गाडी म्हणतात. पुढच्या अंगाला एक खोली, एक बाज मावते. तिथं मी.

गाडी हे बघायचे. ह्यांना जाऊन आज चाळीस दिवस. अंबाजोगाईला नेलं, दोन दिवसांत संपलं. सोसायटीच्या चेअरमनबाई घरी आल्या, म्हणाल्या, छाया, यंत्र तुला माहीत हाय, दुसरं कोण बघणार. हो म्हणाले. नाही म्हणायचंही सुचलं नाही.

६ एप्रिल
स. दूध ४१० लि. संध्या. ३६०. तापमान ४. ठीक.
पल्लवीचा फोन, कॉलेजातून. आई, जेवतेस का. जेवते म्हणाले. अजून काही विचारायचं होतं तिला. पण तिचा तास होता.

८ एप्रिल
बर्फाच्या टाकीत आतून लाल रंगाची खूण आहे, पाणी तिथपर्यंत पाहिजे. कॉम्प्रेसर त्या पाण्यात बर्फ धरतो, उरलेलं गार पाणी पंपानं दुधाच्या टाकीभोवती फिरतं. पाणी कमी पडलं तर सगळंच गोठतं. पंपापाशी गळतं आहे. रोज सात-आठ हंडे भर घालावी लागते. संघाला कळवलं. मेकॅनिक येतो म्हणाले.

पिण्याच्या पाण्याचा टँकर सकाळी नऊला. आधी गाडीची नळी, मग बायांचे हंडे. आज शेवटच्या सहा-सात जणींना मिळालं नाही. हंडे पालथे घालून तिथंच बसल्या.

९ एप्रिल
नळी लावली नाही. आज भर न घालता भागेल वाटलं. सगळ्यांना पाणी पुरलं.

१० एप्रिल
आजही नाही. तापमान ५. चालतं.
मेकॅनिक नाही.

११ एप्रिल
पाणी खुणेच्या खाली वीतभर. उद्या भरायचं ठरवलं. असं कालही ठरवलं होतं. दुपारी ऊन एवढं की पत्र्याला हात लागेना. आतून मात्र टाकीला दव.

१२ एप्रिल
सकाळी सहाला झाकण उघडलं तर टाकी गच्च. पाणीच नाही, नुसता बर्फ. पंप घरघरतोय, काही ओढत नाही. पंपाच्या तोंडापासून पाइप गोठलेला. दुधाचं तापमान १९.

कॉम्प्रेसर बंद केला. रबरी पाइप सोडवून उन्हात खडकावर टाकला. लोखंडी पाइप गाडीच्या पोटाखाली, तो निघत नाही. मी खाली पालथी पडून हातानं चोळत होते. का ते माहीत नाही, हातानं काय होणार. बोटांना काही कळेना झालं.

रुक्मिणकाकू दूध घेऊन आल्या होत्या. त्या सगळ्यांच्या आधी येतात. एक म्हैस, एकट्याच असतात. वाकून बघितलं आणि निघून गेल्या. परत आल्या ते चुलीवरचं कढत पाणी घेऊन. हंडाभर. कालच्या टँकरचं, त्यांच्या वाट्याचं. फडकं पाइपाला गुंडाळलं, त्यावर त्या ओतत राहिल्या. अर्ध्या तासानं पंपानं पाणी धरलं. रबरी पाइपातून बर्फाच्या कांड्या सुटून खडकावर पडल्या. काकूंनी त्या पदरात गोळा केल्या, म्हशीला नेल्या.

दुधाचा टँकर आला तेव्हा तापमान ११. ड्रायव्हरला सांगितलं नाही. त्यानंही बघितलं नाही.
दुपारी संघाचा फोन. सगळं दूध फाटलं.

१३ एप्रिल
संघाचे सुपरवायझर साहेब आले, चेअरमनबाई सोबत. यंत्र चालू, तापमान ४, टाकी भरलेली. काल पाण्याचा टँकर आल्याबरोबर मी भरली होती. त्यांनी विचारलं, पाणी खुणेला होतं का. मी म्हणाले, होतं.

मग साहेब म्हणाले, कुणाचं तरी आंबलेलं दूध मिसळलंय. चेअरमनबाईंनी वही बघितली. परवा संध्याकाळी रुक्मिणकाकूंचं दूध सगळ्यांच्या मागून आलेलं. म्हैस सुटून गेलती, काकूंनी सांगितलं. साहेबांनी त्यांचा नंबर बंद करायला लावला, म्हणजे त्यांचं दूध घ्यायचं नाही.

काकू समोरच उभ्या. त्यांना सगळं माहीत. बोलल्या नाहीत. मी वहीत त्यांच्या चौदा नंबरवर रेघ ओढली. माझं अक्षर नेहमीसारखं आलं.

१४ एप्रिल
स. ३९० लि. ता. ४.
काकू आल्या नाहीत.

१५ एप्रिल
संध्याकाळी त्यांच्या छपराकडं गेले. दूध विरजून ताक करत होत्या. मला बसायला पोतं टाकलं. मी विचारलं, काकू, बोलला का न्हाईत.
म्हणाल्या, "पाणी तू आमच्या हंड्यात घातलंस. म्या कशाला बोलू?"
ताक दिलं. प्यायले. लाज वाटायला पाहिजे होती. वाटली नाही, नुसतं कळत होतं की वाटायला पाहिजे. ह्यांच्या दहाव्यालाही असंच. लोक बघत होते, मी ताटं मोजत होते.

१६ एप्रिल
चेअरमनबाईंना सांगितलं. तीन दिवस पाणी घातलं नाही, पाइप गोठला, काकूंनी सोडवला, मी खोटं बोलले. त्या म्हणाल्या, "मला तरी सांगायचं होतंस." त्यांनी माझ्यासमोरच साहेबांना फोन लावला.

काकूंचा नंबर चालू. माझं काय ते सोमवारच्या मीटिंगमध्ये. आणि पाणी पुन्हा खुणेच्या खाली दिसलं तर संघ गाडी दुसऱ्या छावणीवर नेणार. गाडी गेली तर इथलं दूध कोण घेणार, जवळ दुसरी डेअरी नाही. बाया मग जनावरं बाजारात काढतील.

साहेबांना मेकॅनिकचं विचारलं. सांगतो म्हणाले.

१७ एप्रिल
पल्लवीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, पप्पा असते तर त्यांनी काय केलं असतं? विचार करून बघितला. हे गळती आधी काढून बसले असते. मला ती काढता येत नाही. दोरा गुंडाळून बघितला, थेंब कमी झाले, थांबले नाहीत.

१८ एप्रिल
टँकरची विहीर आटत आली. आज टँकर पाऊण भरलेला. गाडीची नळी लावली. बाकी कसंबसं पुरलं.

१९ एप्रिल
टँकर निम्मा.
नळी हातात घेऊन मी उभी, रांग पंचवीस-तीस हंड्यांची. खुणेपर्यंत भरलं. अकरा हंडे रिकामे राहिले, त्यात काकूंचा एक. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी काकूंचं दूध दीड लिटर. रोज तीन असतं. फॅट मात्र चांगलं लागलं, मी आकडा वाचून दाखवला. म्हशीला पाणी कमी पडलं की दूध घट्ट येतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्या म्हणाल्या, "उद्या बी आधी गाडीच भरणार का?"
मी म्हणाले, संघानं तसं सांगितलंय.
"ते न्हाई इचारलं म्या."

चरवी उचलली नाही त्यांनी. तशाच उभ्या राहिल्या. मागं रांगेत अजून चौघी होत्या, त्याही माझ्याकडंच बघत होत्या.