दांडी खाली होती

दादा,

बाबांची लॉरी मी भंगारात देणार नाही. फोनवर म्हणालास, "ती गाडी मला डोळ्यांसमोर नको." तिने तुझं मनगट मोडलं, म्हणून ना?

बाबांचा नियम आठवतो? आधी स्टिअरिंगखालची दांडी वर करायची, मगच पुढे जाऊन हँडल मारायचं, नाहीतर इंजिन उलटा झटका देतं. तुला झटका बसला तेव्हा बाबा लॉरींच्या तळावरच्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणाले, "दांडी विसरलास. तुझ्याने ड्रायव्हरकी होणार नाही." तू पुन्हा कधी केबिनमध्ये चढला नाहीस.

तू विसरला नव्हतास. तू पुढे गेलास आणि मी तुझ्या सीटवर बसून ड्रायव्हरचा रुबाब करत होते. दांडी मीच खाली ओढली. बाबांच्या भीतीने तोंड शिवून बसले, आणि मग बाबाच गेले.

पंधरा दिवस खपून आज मी लॉरी चालू केली. आधी खोकली, मग म्हाताऱ्यासारखी कुरकुरत सुरू झाली. तळावरचे ते जुने ड्रायव्हर नुसत्या आवाजावरून कुणाची गाडी आली ते ओळखायचे. आज तूही ओळखली असतीस.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. असलं तोंडावरच सांगायला हवं. रविवारी लॉरी घेऊन तुझ्या दारात येते. सगळं ऐकून घे, हव्या तेवढ्या शिव्या दे आणि मग केबिनमध्ये चढ. दांडी तुझ्या हातात राहील. पुढे उभी राहून हँडल मी मारेन.

तुझी धाकटी