महिपतीचा बर्फ आणि माझं खोबरेल

चिरंजीव महिपती यास थोरली बहीण प्रयाग हिचे अनेक आशीर्वाद. थोरलीने द्यायचे असतात म्हणून देते. राग वेगळा हाय, तो खाली येतोच हाय.

इकडे सगळी ठीक. ह्यांचा गुडघा थंडीने धरलाय, म्हैस आटलीय, आणि पूजा लग्न ठरल्यावर अंगाने भरायची ती वाळत चाललीय. तुझी तब्येत कशी हाय ते विचारत नाय. तू "एकदम बरी" म्हणणार, आणि तू एकदम म्हणालास की मला शंका येते. (बारशालाही "एकदम येतो" म्हणाला होतास. ते बारसं पूजाचं होतं. आता तिचं लग्न हाय.)

पत्रास कारण तू, आणि तुझा तो कॅमेरा. हे फोनवर बोलले नाय, कारण फोनवर मी मुद्द्याला हात घातला की तू "आवाज तुटतोय ताई" म्हणतोस. कागदाचा आवाज तुटत नाय. पूजाला लिहायला बसवलं असतं तर तिने साखर घालून लिहिलं असतं, म्हणून चौथीच्या शिक्षणावर मीच बसलेय. आज तिसरा दिवस. पत्र नाते गावच्या राजेंद्रबरोबर पाठवते, तोच तो मिलिटरीतला, तुमच्या कॅम्पाजवळ असतो आणि सुट्टी मिळाली की तुझ्या हातचं जेवायला येतो. सोबत नाचणीचं पीठ, कुळथाचं पीठ आणि सुकट हाय. सुकटीच्या पुडक्याला सात गाठी मारल्यात. सहा निघाल्या तर त्याला विचार.

आता पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुला मधेच निसटायला फट राहणार नाय. पूजाचं लग्न बावीस फेब्रुवारीला. भाऊबिजेला मी तुला फोनवर बजावलं की मांडवात भटजी "मामा, मुलीला घेऊन या" म्हणतात तेव्हा मामा लागतो, आणि पूजाला मामा एकच हाय. तू म्हणालास येतो. डिसेंबर उजाडला आणि तुझा सूर फिरला. ताई, बर्फ पडला, घाट बंद झाला, आता उन्हाळ्याशिवाय लडाखातनं खाली उतरायला रस्ता नाय. मी म्हटलं, आमच्या आंबेनळी घाटात अख्खा डोंगर रस्त्यावर येतो तरी चार दिवसांनी एसटी सुरू होते, आणि तू तर रस्ता करणाऱ्यांच्याच कॅम्पावर भात शिजवतोस! जेवायला वाढताना सांग की त्यांना. त्यावर आवाज तुटला.

मग तू कॅमेऱ्याचा पुरावा काढलास. तुमच्या साहेबाला म्हणे शेगडीपाशी बसून बाहेरचं हवामान बघायचं होतं, कधी बर्फ धरतोय, कधी मशीन बाहेर काढायचं ते. चांगला कॅमेरा परवडेना म्हणून त्याने दुकानाच्या दारावर लावतात तसला स्वस्तातला मागवला, आणि बाहेर लावायचं काम दिलं आचाऱ्याला. (पहिली शंका मला इथे आली. भाकरी गोल करता येते म्हणून कॅमेरा लावता येतो असं कोण समजतं? पण हिवाळ्यात कॅम्प राखायला पाचच माणसं ठेवलीत, त्यात सकाळचा चहा झाला की रिकामा तूच, हे तू नंतर कबूल केलंस.) ते चित्र तू आमच्या फोनला जोडून दिलंस आणि म्हणालास, बघ ताई, चोवीस तास बर्फ बघ, मग तरी विश्वास ठेव.

बघितलं. पहिल्या दिवशी दोन तास डोंगर दिसला आणि मग काळोख. भर दुपारी बारा वाजता काळोख! तू म्हणालास बॅटरी गारठली, इथे उणे बावीस हाय, थंडीत बॅटरीचा जीव जातो. मी म्हटलं, तुझा जात नाय आणि बॅटरीचा जातो? मग तू बॅटरी काढून आतून वायर ओढलीस, तर ती वायर थंडीने ताठ होऊन वाळक्या काटकीसारखी मोडली. दुसरी वायर आणलीस, ती शेगडीपाशी ऊब देऊन मऊ केलीस आणि मग वाकवलीस. कॅमेरा डब्यात बसवलास, तर काचेला आतून घाम आला. त्या घामावर उपाय कुणी सांगितला? मी! मिठाच्या बरणीत टाकतो तशी तांदळाची पुरचुंडी टाक म्हटलं. टाकलीस, घाम गेला, आणि साहेबाने शाबासकी दिली तुला. (माझं नाव तू घेतलं नसणार, हे मला इथे बसून दिसतंय, त्याला कॅमेरा लागत नाय.) वर बर्फ साचू नये म्हणून गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून कपाळावर छपरी ठोकलीस. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. पण एक दिवस चित्राच्या कडेला हिरवा काठ फडफडताना दिसला आणि माझ्या हातातली परात पडली. महिपती, आईच्या दोन लुगड्यांची वाकळ मी तुला पांघरायला शिवून दिली होती. ती कापून तू कॅमेऱ्याला अंगडं शिवलंस! वर मला विचारतोस, तुला कसं कळलं. आईचा काठ मला कळणार नाय?

तरी माझं मन मानेना. शेजारची चंपाबाई रोज सकाळी तुझा बर्फ बघायला येते (येते बर्फाला, बसते चहाला). ती एक दिवस म्हणाली, अगो प्रयाग, ह्यात बर्फ कुठाय, हे तर धुकं! वर महाबळेश्वरला रोज असंच असतं. आणि तिच्या भाच्याने म्हणे तिथल्या बाजारात हुबेहूब तुझ्यासारखा माणूस बघितला, कानटोपी घातलेला. हुबेहूब म्हणजे काय, तर पाठीमागून. मला झोप येईना. म्हटलं हा लडाखला गेलाच नाय, दीड तासावर वर बसलाय कुठल्या हॉटेलात भात शिजवत, आणि लग्नाचं काम अंगावर पडू नये म्हणून धुकं दाखवतोय. ह्यांना घेतलं, एसटी धरली, आंबेनळीतल्या वळणावळणाला ओकत वर गेले. बाजारात उभी राहून एका हातात फोनातलं धुकं आणि समोर खरं धुकं, असं मी जुळवून बघत होते. एवढ्यात ती कानटोपी दिसली. तोच खांदा, तीच मान, तसंच एका पायावर भार देऊन उभं राहणं. मी मागून गेले आणि पाठीत असा धपका घातला की त्याच्या हातातल्या स्ट्रॉबेऱ्या उडाल्या. तो वळला तर कुणी गुजरातकडचा गृहस्थ, सहलीला आलेला. आमच्या ह्यांनी मला ओळखच दाखवली नाय, दुकानातली चप्पल बघत उभे राहिले. त्या माणसाची बायको मात्र माझ्याकडे बघून हसली. तिचंही त्याच्याकडे काहीतरी बाकी असणार.

तिथून आले ती तुझ्यावर जास्तच चिडून आले, कारण तू तिथे सापडला नायस. तेवढ्यात तू म्हणालास, ताई, आता काचेवर बाहेरून हीव धरतंय, दर तासाला पुसावं लागतं. मी म्हटलं, खोबरेल चोळ. पावसाळ्यात हे मोटारसायकलच्या आरशाला चोळतात, थेंब ठरत नाय. मीच दिलेली बाटली तुझ्याकडे होती, तू चोळलंस. आणि दुसऱ्या दिवसापासून फोनात नुसतं पांढरं. डोंगर नाय, आभाळ नाय, आईचा काठ नाय. आठ दिवस पांढरं! चंपाबाई म्हणाली, कॅमेऱ्यापुढे चादर लावलीन त्याने. मला ते लगेच पटलं. तुला मी फोनवर काय काय बोलले ते परत लिहीत नाय, तुझ्या कानात असेलच. तू बिचाऱ्याने एवढंच विचारलंस की ताई, तुमच्याकडे थंडी पडली का?

यंदा थंडी उशिरा पडली रे. नवव्या दिवशी सकाळी पूजाच्या केसांना तेल लावायला बाटली उलटी केली तर तेल येईना. आत पांढरं घट्ट. मी बाटलीकडे बघितलं, फोनाकडे बघितलं, परत बाटलीकडे बघितलं. दर वर्षी गोठतं, शेंबड्या पोराला ठाऊक हाय, पण पावसाळ्यातली अक्कल थंडीत चालत नाय हे माझ्या डोक्यात आलं नाय. बाटली मी गुपचूप चुलीजवळ ठेवली आणि चंपाबाईला सांगितलं, उद्यापासून कॅमेरा बंद हाय. (तू मला एका शब्दाने बोलला नायस, काच पुसलीस आणि गप्प बसलास. त्याचीही मला शंका आली. निर्दोष माणूस भांडतो.)

तर बर्फ मी मान्य केला. बर्फ हाय, घाट बंद हाय, तू लडाखलाच हायस. पूजाला समजावलं. ती म्हणाली मामा नसला तर चुलतमामा उभा करू, आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ पाणी ओतत बसली. नुसतं पाणीच. आंघोळ झालेली होती.

आणि गेल्या सोमवारी राजेंद्र पाया पडायला दारात! मी विचारलं, घाट बंद असताना तू कसा आलास रे? तर म्हणतो, काकी, विमानाने. लेहहून दिल्ली, दिल्लीहून मुंबई, सकाळी निघालो, दुपारी मुंबईत. रोज उडतात. महिपती, मी खाली बसले. म्हणजे दोन महिने मी बॅटरी, वायर, घाम, तांदूळ, खोबरेल करतेय, धपके घालत हिंडतेय, आणि तू डोक्यावरून रोज विमानं जाताना बघतोयस! तुझ्या कॅमेऱ्याचं तोंड डोंगराकडे, विमानतळाकडे नाय, हे आत्ता कळलं मला.

मग मी राजेंद्रला चहा दिला आणि उलटासुलटा विचारला. बाई हाय का तिकडे? नाय म्हणाला. पितो का? चहा. साहेब सोडत नाय? साहेबाने तर दोनदा तिकीट काढून दिलं, दोन्ही वेळा मामांनी परत करायला लावलं. मग हाय काय? तो हसायला लागला. म्हणाला, काकी, विमान म्हटलं की मामा भांडी घासायला उठतात, घासलेलीसुद्धा.

तेव्हा सगळं उलगडलं. महाडची छबिन्याची जत्रा आठव. तू आठ वर्षांचा, मी पंधराची, बाबांनी दोघांना मोठ्या आकाशपाळण्यात बसवलं. पाळणा वर जाऊन थांबला आणि अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल असा गळा निघाला. उतरल्यावर बाबा पोट धरून हसले. तेव्हापासून तू माळ्यावर चढायला नको म्हणतोस, आणि लडाखला गेलास तोही ट्रकात बसून. उणे बावीसात कॅमेरा लावणारा माणूस, आणि त्याला भीती कशाची, तर खुर्चीत बसायची!

मोठ्यांना नमस्कार सांगावा तर तिथे तुझ्याहून मोठं कोण ते मला ठाऊक नाय, साहेबाला सांग. बाकी लिहायला कागद हाय, पण हात दुखतो.

तुझी बहीण,
प्रयाग

ता. क. पाकिटात तुझं तिकीट हाय, अठरा तारखेचं. ह्यांनी पोलादपूरला जाऊन काढलं. ते परत करता येत नाय असं त्या दुकानदाराने दोनदा सांगितलं, ते मला फार आवडलं. राजेंद्र स्वतः तुला विमानतळाच्या दारापर्यंत आणून सोडणार हाय. त्याला मी पूजाची शपथ घातलीय.

ता. क. दुसरा. कॅमेऱ्याचं तोंड डोंगराकडून फिरवून तुझ्या दाराकडे कर. डोंगर मी पुष्कळ बघितला. अठराला सकाळी तू ट्रंक घेऊन बाहेर पडताना मला दिसला पाहिजेस. काच आदल्या दिवशी कोरड्या फडक्याने पूस. कशाला काही चोळू नको. त्या दिवशी पांढरं दिसलं तर मी ते खोबरेल समजणार नाय. आणि उरलेली वाकळ घेऊन ये, विमानात पांघर, डोक्यावरून घेतलीस तरी चालेल.

ता. क. तिसरा, आणि हा राजेंद्रला वाचून दाखवू नको. पाळण्यात ओरडले ती मी. तू माझा हात धरून गप्प बसला होतास. खाली बाबा हसायला लागले तेव्हा तू पुढे होऊन म्हणालास, ताई नाय, मी रडलो. मी तेच धरून बसले आणि बत्तीस वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले, वर आत्ता तुलाच लिहिलं. तुझी भीती तुझी स्वतःची हाय की माझा गळा ऐकून बसलेली हाय, ते मला ठाऊक नाय. पण पूजाच्या पाठीशी तू उभा पाहिजेस. मंगलाष्टकं सुरू झाली की माझं काय होईल ते आत्ताच दिसतंय मला, आणि कुणी हसलं तर पुढे होऊन "ताई नाय, मी रडलो" म्हणायला चुलतमामाला जमायचं नाय.