गिळलेला लेप जमा करता येत नसल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
बालदाढ संरक्षण प्रकल्प, अमरावती

विषय : पिंपळढोक शाळेतील मुलांच्या दाढांवर पुन्हा लेप देण्यास मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : 'जुना लेप जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही' हे आपले दि. ४ जुलै २०२५ चे पत्र.

महोदय,

१. अर्जदार देवमन काळमेघ हा प्रकल्पाच्या दर्यापूर पथकात दंत सहायक आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांना कायमच्या दाढा येतात. त्यांच्या खाचा कीड लागण्याआधी पातळ लेपाने बुजवणे हे त्याचे काम. दाढ पार कोरडी असेल तर लेप वर्षानुवर्षे टिकतो. थुंकी लागली की गेला.

२. गेल्या १२ डिसेंबरला अर्जदाराने वेळ वाचवायला अकरा मुलांच्या दाढा एकदमच, लेप धरावा म्हणून, आम्लाने खरखरीत करून, धुऊन, वाळवून, गालात कापूस देऊन त्यांना ओळीने बसवले. तेवढ्यात शिबिराच्या उद्घाटनाचे पाहुणे आले. मुख्याध्यापक केशवराव म्हणाले, "कापूस काढा, पोरं स्वागतगीत म्हणतीन." पोरांनी तीनही कडवी म्हटली. आता सगळे पहिल्यापासून करायला हवे होते. पण पाहुण्यांना अचलपूर गाठायचे होते आणि फोटो राहिला होता. अर्जदाराने ओल्या दाढांवरच लेप दिला. तो टिकणार नाही हे त्याला तेव्हाच माहीत होते.

३. जूनच्या तपासणीत एकाही दाढेवर लेप नव्हता. तसे कळवताच आपल्या कार्यालयाने साठा नोंदवहीच्या नियमावर बोट ठेवून जुना लेप मागितला. अहो महोदय, तो पोरांनी खिचडीबरोबर केव्हाच गिळला! तरीही अर्जदाराने 'लेप पोटात गेला' असे अकरा दाखले पालकांच्या सह्यांनिशी पाठवले. वैद्यकीय अधिकाऱ्याची सही नाही म्हणून तेही परत आले.

४. यात पाच महिने गेले. अकरांपैकी प्रणाली गावंडे, वय सात, हिची दाढ किडली, गाल सुजून डोळा झाकला, आणि गेल्या सोमवारी अकोल्यात ती दाढ काढावी लागली. तिची आजी गोदाबाई दाढ शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकायला निघाली होती. "दुधाची होती, जाऊ द्या. दुसरी कवा येईन?" तिने विचारले. अर्जदार "येईल" म्हणाला. खोटे बोलला. त्याला स्वतःची शरम वाटते.

५. अर्जदारावर काय कारवाई करायची ती करावी. उरलेल्या दहा मुलांचा लेप मात्र अडवू नये.

आपला नम्र आणि दोषी,
देवमन उत्तमराव काळमेघ
दर्यापूर, दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत : दाढ, एक नग (गोदाबाईंकडून मागून घेतलेली). लेप मिळाला नाही, म्हणून जिच्यावर दिला होता ती जमा करत आहे. पोच द्यावी.