चाळीचा राउटर

अंबड, नाशिक
१२ ऑगस्ट २०२५

चि. वैष्णवी,

आईचा आशीर्वाद. तुझं बरं असेल असं धरून चालते, कारण इथलं काही बरं नाय. हॉस्टेलच्या फोनवर बोलले असते, पण तिथं तुमच्या बाई कान लावून बसतात. म्हणून पुंजामामाच्या भाजीच्या गाडीतून चिठ्ठी धाडते. नाशकात द्वारका चौकात माल उतरवून तो कळवणला परत जातोच.

शेजारच्या जैतुनबीच्या खुशनुमाचा फोटो लावून, खोट्या नावानं, कुण्या मेल्यानं मोबाइलवर घाण लिहिली. पोरगी कॉलेजला जाईना, जेवेना. बापानं तक्रार केली, तर पोलीस थेट आपल्या दारात! म्हणे, पत्ता आपल्याच वायफायचा निघाला. तुझ्या भावाला, शेखरला, चौकीत बसवून विचारलं. जैतुनबीनं माझ्याशी बोलणं टाकलंय.

पासवर्ड मी सगळ्या चाळीला दिलाय, दारावर खडूनं लिहिलाय. पाणी मागितलं तर नाय म्हणतो का आपण? मग नाव आपल्याच घराचं कसं? शेखर म्हणतो, तो डबा उपटून टाक, कटकट मिटेल. मलाही तेच वाटतं. तुला शाळेत ते नेटवर्क का काय शिकवतात ना? मग सांग, माझा पोरगा सुटेल कसा. इंग्रजी झाडू नको, मी चौथी शिकलेली.

डोक्याला तेल लावत जा.

तुझी आई,
लंकाबाई


कळवण
१५ ऑगस्ट

ती. आईस वैष्णवीचा नमस्कार.

झेंडावंदनाचा लाडू घशाखाली उतरला नाही. खुशनुमाताईचंच डोक्यात आहे.

कुणाचं नाव न घेता आमच्या कॉम्प्युटरच्या बाईंना विचारलं. त्या डब्याला, म्हणजे राउटरला, बाहेरच्या जगात एकच पत्ता असतो. खोल्या कितीही असल्या तरी पोस्टमनला चाळीचं एकच नाव ठाऊक, तसं. आत मात्र राउटर प्रत्येक मोबाइलला वेगळा नंबर देतो आणि ज्याचं त्याला पोचवतो. म्हणून पोलिसांना आपलं दार दिसलं. लिहिणारा चाळीतला कुणीही असेल.

आता नीट ऐक. कोणता मोबाइल कधी जोडला होता, हे काही राउटर लक्षात ठेवतात. वीज काढली तर ते पुसलं जाऊ शकतं. मागे बारीक भोक आहे, त्यात पिन दाबून धरली तर सगळंच जातं. पोलिसांचा जाणता माणूस येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नकोस. दादाला सांग. तो मोबाइल दुरुस्ती शिकलाय, त्याला हे माहीत असेलच.

दारावरचा पासवर्ड पुस. पाणी कोण भरून नेतं ते दिसतं, हे दिसत नाही.

रागावलीस तरी माया राहू दे.

तुझी,
वैष्णवी


अंबड
१९ ऑगस्ट

चि. वैष्णवी,

आशीर्वाद. तुझी चिठ्ठी कुणाकडून वाचून घेतली नाय, मीच एकेक अक्षर लावत वाचली. मग शेखरला वाचून दाखवली. वाटलं, हायसं वाटेल त्याला. तर तोंड उतरलं पोराचं. विचारलं, उपटला की पुसतं हे तुला ठाऊक होतं ना रे? म्हणाला, तुला काय कळतंय त्यातलं.

आज कामावरून लवकर आले, तर हा डब्यामागं पिन घेऊन बसलेला.

पिन हिसकावली, थोबाडीत दिली. तेव्हा रडायला लागला. खुशनुमानं त्याला नाही म्हटलं होतं, म्हणून रागात लिहिलं म्हणे. पाया पडून म्हणाला, कंपनीत पर्मनंट व्हायची वेळ आलीय, गप्प राहा, आळ चाळीतल्या कुणावरही जाईल. वैष्णवी, मी पिन हातात धरून किती वेळ नुसती उभी होते. दाबली असती तर कुणाला कळलं असतं?

पण ती पोरगी जेवत नाय गं.

पोलिसांना मीच फोन केला. साहेब संध्याकाळी येतो म्हणाले. शेखर बाहेर ओट्यावर बसलाय. त्याला आत ये म्हणवत नाय, जा म्हणवत नाय. समोरच्या खोलीतल्या नवसाबाईला डब्यापाशी राखण बसवलंय. पोलिसांच्या तोंडून कळायच्या आधी जैतुनबीला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. दार उघडेल न उघडेल, जाते.

भावाची लाज वाटली तरी आईला अंतर देऊ नको.

तुझी आई,
लंकाबाई