यंदाचा पहिला नंबर

कलकत्ता, विजयादशमीचा दुसरा दिवस,
ऑक्टोबर १९६६

ती. मेजदीला,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, बुलूचा, विजयेचा प्रणाम. जामाईबाबूंनाही सांग. आईनं नारळाचे लाडू पाठवलेत. वाटेत भुगा झाला तर चमच्यानं खा. आई सांगत होती, तू तानपुरा शेजारणीला देऊन टाकणार आहेस. त्याचं नंतर लिहिते.

चार विजया मी नुसत्या प्रणामाच्या कार्डावर भागवल्या. यंदा दुर्गापूजेला निघालेल्या नव्या गाण्यांचा निकाल कळवते. बाबा होते तेव्हा दरवर्षी लावायचो ना आपण? कुठलं आवडलं, कुणी निराशा केली. मन राखून बोलायचं नाही, हा बाबांचा कायदा.

तर यंदा सुधामय लाहिडींनी पार निराशा केली. आवाज तोच, पण गाताना सारखे घड्याळाकडे बघत असावेत. बिजया रक्षितच्या मागे इतकी वाद्यं, की बाई बिचारी जत्रेत हरवल्यासारखी. अनिमेष गुहची नावाड्याची गाणी मात्र आवडली. ती ऐकताना आपली गच्ची आठवली.

गाण्यांची पुस्तिका तबकड्यांच्या आधी यायची, आणि आपण दोघी चटईवर पडून नुसत्या शब्दांना आपापल्या चाली लावायचो. संध्याकाळ कधी व्हायची कळायचंच नाही. मग खरी तबकडी आली की माझं ठरलेलं, "छे! माझीच चाल बरी." तू म्हणायचीस, "अगं बाई, आधी ऐक तरी!"

अष्टमीला दुपारी खिचडीचा भोग खाऊन मी खिडकीशी लवंडले होते. मंडपातले ढाक वाजायचे थांबले होते. मंडपाच्या कर्ण्यातून एका बाईचा आवाज येऊ लागला. मी धड झोपेत नव्हते, धड जागी नव्हते; वाटलं, होडीत पडलेय आणि कुणीतरी होडी हलकेच पाण्यात लोटतंय. डोळे न उघडताच ठरवून टाकलं, यंदाचा पहिला नंबर हिचा.

तशीच अनवाणी खाली धावले. माइकवाल्या हारूदांना विचारलं, "ही नवी गायिका कोण हो?"

"नवी? कानात बोळे घातलेस का गं? तुझी मेजदी आहे ती! चार वर्षांपूर्वीची तबकडी. मी दर अष्टमीला लावतो, तूच खिडकी लावून घेतेस."

मी तिथेच खुर्चीवर बसले आणि रडले. हारूदा घाबरून पाणी आणायला पळाले.

मेजदी, त्या वर्षी भरल्या घरात, तुझ्या सासरच्यांसमोर मी निकाल वाचला होता: सगळ्यांत मोठी निराशा, तरुलता भादुडी. सगळे हसले. तूही हसलीस, आणि मग पुन्हा गायलीच नाहीस. मी बाबांच्या कायद्याआड लपले. खरं सांगू? मी तुझी तबकडी ऐकलीच नव्हती. लावली होती, पण पुस्तिका वाचून त्या शब्दांना मी माझी चाल लावून बसले होते. कानात तीच वाजत होती, आणि तू ती गात नव्हतीस याचाच मला राग आला.

ती चाल आता मी साफ विसरलेय. एक ओळसुद्धा आठवत नाही. म्हणून यंदा तू ऐकू आलीस.

तुझी चार वर्षं मी कुठून परत आणू? माफी मागायचीही लाज वाटते, तरी मागते.

तानपुरा देऊ नकोस गं. पुढच्या पूजेच्या पुस्तिकेत तुझं नाव आलं, तर मी शब्द वाचून गप्प बसेन. चाल लावणार नाही. आधी ऐकेन.

तुला पहिल्यांदाच ऐकलेली,
बुलू